नापास गाडीचे दुखणे

पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यातल्या पीयूसी व्हॅनपाशी जुनी गाडी येऊन थांबते. सायलेन्सरमध्ये नळी जाते, पडद्यावर आकडे उमटतात आणि तपासणाऱ्याची मान नकारार्थी हलते. बहुतेक मालकांचा पहिला प्रश्न असतो, ‘काही करता येईल का?’ गाडीला झालंय काय, हे क्वचितच कोणी विचारतो. रक्तात साखर जास्त निघाली म्हणून प्रयोगशाळेकडे कोणी आकडा बदलून मागत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र नेमके तेच घडते.

खरे तर पेट्रोल गाडीच्या तपासणीतले दोन आकडे बरेच काही सांगतात. कार्बन मोनॉक्साइड वाढला असेल, तर इंधनाच्या मानाने हवा कमी पडते आहे. अशा वेळी धुळीने भरलेला एअर फिल्टर, जुना झालेला ऑक्सिजन सेन्सर आणि गळका इंजेक्टर तपासावा. हायड्रोकार्बन वाढले, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडते आहे. आधी स्पार्क प्लग पाहावेत. हे सगळे ठीक असूनही दोन्ही आकडे चढेच राहिले, तर संशय कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर जातो. प्लग बदलायला टाळाटाळ केली, की न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते, तो प्रमाणाबाहेर तापतो आणि आतली जाळी वितळू शकते. काहीशे रुपयांचे काम मग हजारोंच्या घरात जाते. चोंदलेली जाळी काढूनच टाकण्याचा गॅरेजमधला ‘इलाज’ तर त्याहून वाईट. गाडी मोकळी पळते खरी, पण अलीकडच्या मर्यादांत ती पुन्हा प्रामाणिकपणे बसणे अवघड.

मर्यादा गाडीच्या पिढीप्रमाणे बदलतात, हेही अनेकांना ठाऊक नसते. बीएस-३ पेट्रोल मोटारीला निष्क्रिय गतीत कार्बन मोनॉक्साइडची ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ७५० पीपीएम इतकी सवलत आहे. बीएस-४ ला ०.३ टक्के आणि २०० पीपीएमच. मुंबई, पुणे, सोलापूरसह तेरा शहरांत बीएस-४ २०१० मध्ये आले, देशभर २०१७ मध्ये. त्यामुळे एकाच वर्षी बनलेल्या दोन गाड्यांचे निकष वेगळे असू शकतात. आधी नोंदणीपत्रावरची नोंद पाहावी.

तपासणीपूर्वी गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवून न्यावी, हा सल्ला लबाडीचा नाही. कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंश तापमानाला पोहोचल्याशिवाय नीट काम करत नाही. थंड गाडी नापास झाली, तर तो तिच्यावर थोडा अन्यायच.

लबाडी असते ती दुसरीकडे. नळी पुरेशी आत घातली नाही किंवा सायलेन्सर फुटका असला, की बाहेरची हवा मिसळून आकडा आपोआप घसरतो. नंबर प्लेटचा फोटो पोर्टलवर चढला, तरी हे त्यात दिसत नाही. दिल्लीत तर मर्यादेपेक्षा जास्त प्रदूषण नोंदले जाऊनही एक लाखाहून अधिक वाहनांना प्रमाणपत्रे दिली गेल्याचे ‘कॅग’नेच नमूद केले आहे. कायद्यात दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो भरतो प्रमाणपत्र नसलेला; खोटे प्रमाणपत्र खिशात असलेला सुखाने फिरतो. परिवहन विभागाने नापास गाड्यांच्या नोंदी तपासायला हव्यात. ज्या केंद्रावर वर्षभरात एकही गाडी नापास होत नाही, तिथे आधी जावे. शिवाय या चाचणीत नायट्रोजन ऑक्साइड आणि सूक्ष्म कण मोजलेच जात नाहीत, ही उणीव आहेच.

कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही. हृदयविकार असलेल्यांना तो थोड्या प्रमाणातही त्रासदायक ठरतो. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये सकाळी थंड इंजिन सुरू ठेवून मालक फोनवर बोलत उभा असतो, तेव्हा कन्व्हर्टर अजून जागा झालेला नसतो आणि दहा पावलांवर खुर्ची टाकून बसलेला रखवालदार बारा तासांची पाळी तिथेच काढतो.