लिहिलेले घेऊन बाहेर पडता येते का?

पश्चिम रेल्वेवर उधना आणि सचिन यांच्या मधे भेस्तान लागते. या स्टेशनाच्या आसपास आणि पांडेसरा, डिंडोली, लिंबायतपर्यंत पसरलेल्या वस्त्यांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली असंख्य कुटुंबे राहतात. यंत्रमाग आणि डाइंग मिलच्या कामाने त्यांना इथे आणले. घरात अहिराणी, बाजारात गुजराती, मिलमध्ये हिंदी, असा त्यांचा दिवस जातो. मुलांसाठी सुरत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत.

या माणसांकडे लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. उधना-जळगाव मार्गावरच्या गाड्यांची गर्दी, मिलमधल्या रात्रपाळ्या, लग्नातली अहिराणी गाणी, ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणाचे पाणी सुटल्यावर तापीने बुडवलेले शहर. त्यातले बरेचसे लिहिलेही जाते, पण व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात. सकाळी टाकलेला मजकूर संध्याकाळपर्यंत सुप्रभातच्या फुलांखाली गाडला जातो आणि फोन बदलला की कायमचा जातो. मग एखादा निवृत्त शिक्षक किंवा कॉलेजात जाणारी मुलगी स्वतःचा ब्लॉग काढायचे ठरवते आणि भाच्याला विचारते, ‘ब्लॉगर घेऊ की वर्डप्रेस?’

भाचा हमखास देखणेपणाबद्दल बोलतो. कुठले टेम्प्लेट छान दिसते, जाहिरातींचे पैसे कुठे लवकर मिळतात, सबस्टॅक कसे नवे आहे. या सगळ्याआधी एक साधी चौकशी करायला हवी: ही जागा उद्या बंद पडली, तर लिहिलेले सगळे घेऊन बाहेर पडता येईल का?

ही भीती काल्पनिक नाही. जिओसिटीजवरची लाखो घरगुती पाने याहूने २००९ मध्ये बंद केली. पोस्टरस २०१३ मध्ये गेले. भारतात घराघरात पोचलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला मिटले, गुगल प्लस २०१९ मध्ये. सगळ्यात ताजे उदाहरण टाइपपॅडचे. २००३ पासून चाललेली ही ब्लॉगसेवा ३० सप्टेंबर २०२५ ला बंद झाली आणि तिथल्या लेखकांना ते कळले जेमतेम महिनाभर आधी. ज्यांनी मजकूर वेळेत उतरवून घेतला, त्यांचा वाचला.

कधी सेवा चालू असते, पण दार बंद होते. जुलै २००६ मध्ये मुंबईतल्या लोकल गाड्यांतल्या बॉम्बस्फोटांनंतर सरकारने मोजकी संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश दिला. इंटरनेट कंपन्यांनी नेमकी तेवढी पाने न अडवता ब्लॉगस्पॉट, टाइपपॅड आणि जिओसिटीज सरसकट अडवली. काहीही न केलेल्या हजारो भारतीय ब्लॉगलेखकांना काही दिवस स्वतःचेच लेखन दिसेना.

मराठीला हा धडा इंटरनेटच्या आधीच मिळाला होता. लोकहितवादींची, म्हणजे गोपाळ हरी देशमुखांची, शतपत्रे १८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात आली. ‘प्रभाकर’ केव्हाच बंद पडले. पत्रे मात्र आजही वाचली जातात, कारण ती साप्ताहिकातून निघून पुस्तकात गेली. पुढे अहमदाबादेत न्यायाधीश राहिलेल्या गोपाळ हरी देशमुखांचे लेखन त्या एका साप्ताहिकाच्या फायलींतच अडकून राहिले असते, तर आज ते किती जणांपर्यंत पोचले असते?

या कसोटीवर चालू पर्याय तपासले तर चित्र बरेच स्पष्ट होते. ब्लॉगर १९९९ मध्ये निघाले, २००३ मध्ये गुगलने घेतले. दिसायला जुनाट आहे आणि गुगलचे त्याच्याकडे फारसे लक्षही दिसत नाही. पण ते फुकट आहे, सगळा मजकूर एका फाइलमध्ये उतरवून देते, ती फाइल वर्डप्रेसला आत घेता येते आणि विकत घेतलेला स्वतःचा पत्ता जोडायला वेगळे पैसे मागत नाही. वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त संकेतस्थळांमागे आहे. ते मुक्त असल्याने कुठल्याही सर्व्हरवर हलवता येते. त्याच्या तयार सेवेत, म्हणजे वर्डप्रेस डॉट कॉमवर, फुकटच्या खात्यात कंपनी आपल्या जाहिराती दाखवते आणि स्वतःचा पत्ता जोडायचा तर पैसे भरावे लागतात. सबस्टॅकचा गुण असा की लेख थेट वाचकाच्या ईमेलमध्ये जातो आणि वाचकांची यादी लेखकाला उतरवून घेता येते. वर्गणी लावली तर दहा टक्के त्यांचे.

फेसबुकचे काय? वाचक तिथेच आहेत, हा आक्षेप खरा आहे. भेस्तानमधल्या मावशी ब्लॉगचा पत्ता टाइप करून वाचणार नाहीत. पण फेसबुकवर चार वर्षांपूर्वीची पोस्ट शोधून दाखवा म्हटले तर लिहिणाऱ्यालाही घाम फुटतो. म्हणून लेख ब्लॉगवर ठेवावा आणि दुवा फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवावा. मजकूर एका जागी, हाकारा दुसऱ्या जागी.

मराठी लेखकाला आणखी एक जुना अडसर ओलांडावा लागतो, तो फाँटचा. डीटीपीच्या दुकानात श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली स्मरणिका जशीच्या तशी ब्लॉगवर चिकटवली की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा उमटतो. तो मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. फोनवरच्या मराठी कळफलकाने लिहिले तर हा प्रश्नच येत नाही, कारण तो युनिकोडच आहे. अहिराणीही देवनागरीतच लिहिली जात असल्याने तिलाही हीच सोय पुरते.

तेव्हा भेस्तानच्या त्या शिक्षकांना सल्ला द्यायचा तर असा: ब्लॉगरवर सुरुवात करावी आणि वर्षाला हजार रुपयांच्या आत-बाहेर खर्चून स्वतःच्या नावाचा पत्ता घ्यावा. उद्या घर वर्डप्रेसवर हलवले तरी वाचकांना ठाऊक असलेला पत्ता तोच राहतो. २०१४ पासून ‘.भारत’ हा देवनागरी पत्ताही मिळतो. हौस असेल तर तो जोडीला घ्यावा, मुख्य पत्ता मात्र कोणालाही टाइप करता येईल असा असावा. सुरतेतल्या मराठी मंडळांनीही यात उतरायला हरकत नाही. शिवजयंतीच्या एका बॅनरच्या पैशात स्मरणिकांचे जुने अंक कितीतरी वर्षे इंटरनेटवर राहू शकतात.

एक काम बहुतेक जण विसरतात. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गुगलने २०२३ मध्ये जाहीर केले. लिहिणारा आजारी पडला किंवा गेला, तर ब्लॉगचे खाते कोण उघडणार? गुगलच्या सेटिंगमध्ये ‘इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे. खाते ठरावीक काळ पडून राहिले तर विश्वासातल्या कोणाला कळवायचे आणि काय सोपवायचे, ते तिथे आधीच नोंदवून ठेवता येते. पहिला लेख टाकला त्याच दिवशी तिथे मुलाचे किंवा मुलीचे नाव भरावे आणि दर सहा महिन्यांनी ब्लॉगची फाइल उतरवून पेनड्राइव्हवर ठेवावी. दोन्ही कामे मिळून अर्धा तासही लागत नाही.