कपाटाची किल्ली आपल्याकडे, संगणकाची कोणाकडे?

मैत्रिणींनो, आपल्या समुपदेशन केंद्रांमध्ये केसच्या फायलींचे कपाट कुलूपबंद असते. किल्ली कोणाकडे राहील हे बैठकीत ठरते. आलेल्या बाईचे नाव, ती सध्या राहते तो पत्ता, अंगावरच्या वळांचे फोटो यांतले काहीही बाहेर जाऊ नये म्हणून आपण डोळ्यांत तेल घालून जपतो. मग हीच माहिती ज्यात साठवलेली आहे, तो संगणक ‘फार हळू चालतो’ म्हणून चार दिवस दुरुस्तीच्या दुकानात ठेवताना ही दक्षता कुठे जाते?

संगणक मंद होतो म्हणजे तो म्हातारा झालाच असे नाही. विंडोज आधीच घातलेला संगणक विकत घेतला की त्याबरोबर न मागितलेले बरेच काही येते : थोड्या मुदतीचे फुकट अँटिव्हायरस, खेळ, कंपनीचे स्वतःचे प्रोग्रॅम. यंत्र सुरू होताच यांतले बरेचसे एकदम कामाला लागतात. न बोलावलेली माणसे घरात ठाण मांडून बसली, तर आपण घरालाच लहान म्हणतो का?

त्यांना बाहेर काढणे अवघड नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या ‘स्टार्टअप’च्या यादीत नको असलेल्या नावावर ‘डिसेबल’ करावे. कायमचे काढायचे असेल, तर ‘सेटिंग्ज’मधल्या ‘अ‍ॅप्स’मध्ये जाऊन ‘अनइन्स्टॉल’ करावे. ज्याचे काम कळत नाही त्याला मात्र हात लावू नये. ‘वेग वाढवून देतो’ म्हणणारे फुकट प्रोग्रॅम तर घेऊच नयेत.

एवढ्याने भागले नाही, तर हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी. जुन्या यंत्रात सर्वांत मोठा फरक यानेच पडतो. रॅम ४ जीबी असेल तर ८ करावी. हे काम दुकानातून करून घ्यावे लागले तरी आपल्यापैकी एकीने शेजारी बसून राहावे आणि काढलेली डिस्क परत आणून त्याच कपाटात ठेवावी. नुसते ‘डिलीट’ केल्याने त्यावरची माहिती पुसली जात नाही.

विंडोज नव्याने घालायचे झाल्यास पुन्हा पैसे मोजायची सहसा गरज नसते. २०१२ च्या विंडोज ८ पासून, आधीच विंडोज घातलेल्या बहुतेक संगणकांचा परवाना यंत्राच्या मदरबोर्डमध्येच साठवलेला असतो.

आणखी एक पेच आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ अनेक जुन्या यंत्रांना स्वीकारत नाही. चांगले चालणारे यंत्र भंगारात घालण्याऐवजी लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली वापरता येते. त्यात मराठी टाइप करता येते. मात्र युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमधले आपले जुने अंक आणि पत्रके त्यावर उघडतात का, हे आधी तपासावे.

‘आम्हाला टेक्निकल काही कळत नाही’, हे वाक्य आपल्याच तोंडी ऐकू येते तेव्हा वाईट वाटते. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात १९९० च्या दशकात महिला समाख्या कार्यक्रमातून गावातल्या बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. पान्हा हे काही पुरुषाचे जन्मजात अवजार नव्हे. मग ‘सेटिंग्ज’ कशी असेल?

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली नोंदणी झालेल्या सेवादायी संस्थेला घटनेचा अहवाल नोंदवता येतो. तो लिहिताना यंत्र अडून बसले, तर समोरची बाई ताटकळते. घरी उशीर झाल्याचा जाबही तिलाच द्यावा लागतो.

म्हणून निधीसाठी अर्ज करताना ‘नवा संगणक’ एवढेच लिहून थांबू नका. दुरुस्ती आणि कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण यांसाठीही रक्कम मागा. प्रत्येक केंद्रात किमान दोघींना हे काम यायलाच हवे, कारण एकटीच जाणकार असली की ती रजेवर गेल्यावर यंत्र पुन्हा दुकानातच जाते.