तारखेचा अडसर आणि दाराबाहेरचा विद्यार्थी

गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा तालुक्यात विवेकानंदपूर, सुंदरनगर अशा नावांची गावे आहेत. भोवती सागवानाचे रान, शेजारी माडिया-गोंडांचे पाडे आणि मधोमध अस्सल बंगाली बोलणारी ही वस्ती. येथे दुर्गापूजेचा मांडव पडतो, घराघरांतून बंगाली ऐकू येते आणि मुले शाळेत मराठी शिकतात. चंद्रपूर शहरात तर ‘बंगाली कॅम्प’ हे एका परिसराचे रूढ नावच होऊन बसले आहे. कॅम्प केव्हाच उठला, नाव मात्र राहिले. आपण निर्वासित म्हणून आलो होतो, एवढे त्या नावाने तिसऱ्या पिढीलाही विसरू दिलेले नाही.

ही माणसे हौसेने दंडकारण्यात आली नव्हती. डिसेंबर १९६३मध्ये श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातील पवित्र अवशेष नाहीसा झाला. काही दिवसांतच तो परत मिळाला. परंतु हजारो कोस दूर असलेल्या पूर्व पाकिस्तानातील खुलना, ढाका, नारायणगंज येथील हिंदूंना त्याची किंमत मोजावी लागली. जानेवारी १९६४च्या त्या हत्याकांडानंतर लोंढे भारतात आले. १९५८पासून दंडकारण्य प्रकल्प बस्तर-कोरापूटमध्ये निर्वासितांचे पुनर्वसन करीत होताच. त्याच दशकात तत्कालीन चांदा जिल्ह्याच्या जंगलातही बंगाली कुटुंबे वसवली गेली. ज्यांनी आयुष्यभर नद्या पाहिल्या, त्यांच्या हाती रानातील जमीन आली. ती त्यांनी कसली, तळी खोदली, भात पिकवला आणि या मातीशी इमान राखले.

हा इतिहास आज उगाळण्याचे कारण आहे. जून २०२४मध्ये बांगलादेशात नोकऱ्यांतील आरक्षणावरून विद्यार्थ्यांचे आंदोलन सुरू झाले. जुलैमध्ये संचारबंदी लागली, तेथे शिकणारे हजारो भारतीय विद्यार्थी घाईघाईने मायदेशी परतले आणि ५ ऑगस्ट रोजी शेख हसीना देश सोडून भारतात आल्या. त्यानंतरच्या दिवसांत अनेक जिल्ह्यांत हिंदूंची घरे, दुकाने, मंदिरे यांवर हल्ले झाले. डिसेंबर २०२५मध्ये मयमनसिंह जिल्ह्यातील भालुका येथे ईशनिंदेच्या आरोपावरून एका हिंदू कामगाराला जमावाने ठार केले. १९५१च्या जनगणनेत त्या भूमीत हिंदू सुमारे २२ टक्के होते, २०२२मध्ये ते ७.९५ टक्क्यांवर आले. हे आकडे जनगणनेचे आहेत, कोणा प्रचारकाने ते रचलेले नाहीत.

आता एका विद्यार्थ्याची कल्पना करा. खुलन्याकडील एका हिंदू कुटुंबातील मुलगा. पासपोर्ट काढून, रीतसर विद्यार्थी व्हिसा घेऊन तो २०२१मध्ये भारतातील एखाद्या महाविद्यालयात दाखल झाला. तो शिकत असताना मागे घर जळाले, बापाने गाव सोडले. पदवी हाती आली, व्हिसाची मुदत संपली. आता त्याने कोठे जावे?

जो देश सोडताना निर्वासित नव्हता, पण परदेशात असताना मायदेशातील घडामोडींमुळे निर्वासित झाला, अशा माणसाला आंतरराष्ट्रीय विधिशास्त्रात मान्यता आहे. भारताने मात्र १९५१च्या निर्वासितविषयक करारावर किंवा १९६७च्या पुरवणी करारावर स्वाक्षरी केलेली नाही. ती न करण्यामागे सबळ कारणे आहेत आणि परकीय संस्थांनी आपल्या सीमेचे नियम ठरवावेत असे कोणीही स्वाभिमानी राष्ट्र म्हणणार नाही. परंतु दुसऱ्याचा कायदा नाकारणाऱ्याने स्वतःचा कायदा करायचा असतो. तो आपण पंचाहत्तर वर्षांत केला नाही. निर्वासित असल्याचा दावा करणाऱ्या परकीयांसाठी गृह मंत्रालयाने २०११मध्ये एक कार्यपद्धती घालून दिली. त्यात दीर्घ मुदतीच्या व्हिसाची तरतूद आहे. पण कार्यपद्धती म्हणजे कायदा नव्हे. तिने मिळते ती सवलत, हक्क नव्हे.

२०१५ व २०१६च्या अधिसूचनांनी आणि त्यानंतर २०१९च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातील हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती पीडितांसाठी दार उघडले, हे ऐतिहासिक पाऊल होते. फाळणीच्या वेळी दिलेला शब्द त्याने पाळला. मात्र त्या दारावर तारीख कोरलेली आहे : ३१ डिसेंबर २०१४. नियम निघाले ११ मार्च २०२४ रोजी आणि त्यानंतर अवघ्या पाच महिन्यांत ढाक्यातील सत्ता कोसळली. सप्टेंबर २०२५च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२४पर्यंत आलेल्या या समाजांतील लोकांना, कागदपत्रे नसली वा त्यांची मुदत संपली असली तरी, कारवाईतून सूट दिली. हेही स्वागतार्हच. पण आपल्या कल्पनेतील विद्यार्थ्याला त्यातून काय मिळाले? कोणी त्याला तुरुंगात टाकणार नाही, इतकेच. नागरिकत्वाचे सवलतीचे दार त्याला बंदच आहे. त्याची धाकटी बहीण जानेवारी २०२५मध्ये आली असेल, तर तिला या आदेशाचेही छत्र नाही. भालुक्याची घटना तर त्या तारखेनंतर एका वर्षाने घडली. छळ करणारे दिनदर्शिका पाहून छळ करतात काय?

तारखांचा हा खेळ नवा नाही. पूर्व पाकिस्तानातून मार्च १९५८पर्यंत आलेले ते ‘जुने’ निर्वासित, जानेवारी १९६४नंतर आलेले ते ‘नवे’ निर्वासित आणि मधल्या पावणेसहा वर्षांत आलेले कोणाचेच नाहीत, असे वर्गीकरण काँग्रेसच्या राजवटीत झाले होते. मधल्यांना पुनर्वसनाचा लाभ नाकारण्यात आला. त्यांचे अश्रू कमी खारट होते, असे कोणाला वाटले असेल? ज्या चुकीवर आपण इतकी वर्षे टीका केली, तीच आपल्या कायद्यात शिल्लक राहू नये, एवढीच येथे अपेक्षा आहे.

मानवतेचे ठेकेदार म्हणवणाऱ्यांचे वर्तन तर निराळ्याच प्रबंधाचा विषय ठरेल. २०१९च्या कायद्याविरुद्ध ज्यांनी महिनोन्‌महिने रस्ते अडवले, त्यांच्यापैकी किती जण ऑगस्ट २०२४नंतर बांगलादेशी हिंदूंसाठी रस्त्यावर उतरले? बंगालमधील डाव्या राजवटीचा इतिहास आठवावा. दंडकारण्यातील हालांना कंटाळून हजारो निर्वासित १९७८मध्ये सुंदरबनातील मरिचझापी बेटावर गेले. जानेवारी १९७९मध्ये ज्योती बसूंच्या सरकारने त्या बेटाची नाकेबंदी केली, अन्नपाणी तोडले आणि मे महिन्यात बळाने बेट रिकामे केले. त्यांतील बहुतेक नामशूद्र होते, दलित होते. सामाजिक न्यायाच्या व्याख्यानांत मरिचझापीचे नाव किती वेळा ऐकू येते?

महाराष्ट्राला तर परदेशात अडकलेल्या विद्यार्थ्याचे दुःख समजावून सांगण्याची गरजच नसावी. विनायक दामोदर सावरकर १९०६मध्ये लंडनला गेले ते कायद्याच्या शिक्षणासाठी. मायदेशी असंतोष पेटला आणि १९१०मध्ये त्यांना अटक झाली. ८ जुलै १९१० रोजी मार्सेलिसच्या बंदरात ‘मोरिया’ बोटीतून त्यांनी उडी घेतली ती फ्रान्सच्या भूमीवर आश्रय मिळावा म्हणूनच. फ्रेंच शिपायाने त्यांना परत इंग्रजांच्या हवाली केले. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले. २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल लागला : हवाली करण्यात अनियमितता झाली, तथापि परत देण्याचे बंधन इंग्लंडवर नाही. आश्रयाचा हक्क कागदाच्या घोळात बुडाला, की पुढे अंदमान उभे राहते, हे या एका निकालाने दाखवले.

दुसरे उदाहरण विदर्भाचेच आहे. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले. गदर चळवळीत उतरल्यामुळे मायदेशाचा रस्ता बंद झाला. अखेर मेक्सिकोने त्यांना थारा दिला. त्यांनी चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात अध्यापन केले, मक्यावर संशोधन केले. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७मध्ये नागपुरात त्यांचे निधन झाले. २०२२मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांनी चापिंगोत त्यांच्या पुतळ्याचे अनावरण केले. आश्रय देणाऱ्या राष्ट्राला काय मिळते, याचे उत्तर त्या पुतळ्यात आहे. मेक्सिकोने खानखोज्यांना येण्याची तारीख विचारून परत धाडले असते तर?

या मागणीवर आक्षेप आहेत आणि ते झटकून टाकण्याजोगे नाहीत. पहिला आक्षेप लबाडीचा. ब्रिटनमध्ये जून २०२५पर्यंतच्या वर्षभरात आलेल्या सुमारे १ लाख ११ हजार आश्रयार्थींपैकी जवळपास १४,८०० विद्यार्थी व्हिसावर आलेले होते. त्यांत शिक्षणाचे निमित्त करून स्थायिक होऊ पाहणारेही होतेच. आपल्याकडेही दलाल असे अर्ज तयार करून देतील. पण खोट्या रुग्णांच्या भीतीने कोणी रुग्णालय बंद करीत नाही. विद्यार्थी हा सर्व परकीयांत अधिक ओळखपाळख असलेला माणूस असतो. त्याचा पासपोर्ट, पत्ता, हजेरी, गुणपत्रिका सरकारदरबारी नोंदलेली असते. रात्री कुंपणाखालून सरपटत येणाऱ्या घुसखोराची आणि या विद्यार्थ्याची गल्लत करणे हा प्रामाणिकपणाला दिलेला दंड आहे.

दुसरा आक्षेप स्वकीयांचाच असतो : दार सताड उघडले तर बांगलादेश हिंदूशून्य होईल आणि छळ करणाऱ्यांचे उद्दिष्टच सिद्धीस जाईल. ही भीती खरी आहे. म्हणूनच आश्रय हा शेवटचा उपाय असावा आणि ढाक्यावरील राजनैतिक दबाव कधीही सैल होऊ नये. परंतु जो आधीच येथे आहे, त्याला परत आगीत ढकलून तेथील लोकसंख्या राखता येत नाही.

तिसरा आक्षेप गडचिरोलीचा आहे आणि तो सर्वांत वजनदार आहे. १९६०च्या दशकात जंगलात वसाहती झाल्या तेव्हा त्या जंगलाच्या मूळ धन्याला, गोंड-माडियाला, काय विचारले गेले? २०१९च्या कायद्याने सहाव्या अनुसूचीतील क्षेत्रे वगळली. गडचिरोलीचा मोठा भाग पाचव्या अनुसूचीत मोडतो आणि त्याला ते संरक्षण नाही. तेव्हा नव्या कायद्यात अनुसूचित क्षेत्रात नवी वसाहत होणार नाही, असे निःसंदिग्ध शब्दांत लिहावे. शिकलेल्या मुलाला पाच एकर रान नको आहे. त्याला राहण्याचा परवाना आणि काम करण्याची मुभा हवी आहे. ज्या दुर्गम तालुक्यांत डॉक्टर मिळत नाहीत, तेथे तो ओझे ठरेल की आधार, याचा विचार व्हावा.

म्हणून संसदेने भारताचा स्वतःचा आश्रय कायदा करावा. तिन्ही शेजारी देशांतील धार्मिक अल्पसंख्याकांसाठी कोणतीही अंतिम तारीख न ठेवता छळाचे गृहीतक मान्य करावे. अन्य अर्जदारांची व्यक्तिशः, कसून चौकशी व्हावी. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पडले तेव्हा पुण्यात शिकणारे अफगाण विद्यार्थी व्हिसाच्या मुदतवाढीसाठी खेटे घालत होते. डिसेंबर २०२२मध्ये तालिबानने मुलींना विद्यापीठाचे दारच बंद केले. त्यांच्यातील एखाद्या विद्यार्थिनीची कैफियत ऐकून घेण्याने राष्ट्र दुबळे होत नाही. पारशी, ज्यू आणि तिबेटी यांना आसरा देणाऱ्या समाजाची ती रीतच आहे. विद्यार्थ्यांना पदवीनंतर दोन वर्षांचा संरक्षित मुक्काम आणि निर्णयासाठी ठरावीक मुदत मिळावी. खोटी कागदपत्रे देणाऱ्याला मात्र तत्काळ परत पाठवावे.

आणि हे मागताना घरातील थकबाकीही फेडावी. पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री जोगेंद्रनाथ मंडल हे नामशूद्र होते. आपल्या बांधवांची ससेहोलपट पाहून ऑक्टोबर १९५०मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि ते भारतात आले. त्याच समाजाची मुले पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत मोडतात. महाराष्ट्राच्या यादीत मात्र त्या जातीचा समावेश नसल्याने मुलचेऱ्यात वा चामोर्शीत जन्मलेल्या मुलाला ती सवलत मिळत नाही. सहा दशके येथे राबलेल्यांना आपण अजून पुरते आपले म्हटलेले नाही, तर नव्याने येणाऱ्याला कोणत्या तोंडाने अभय द्यायचे?

कार्यकर्त्यांना वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या शहरातील वसतिगृहात असा एखादा विद्यार्थी आहे का, त्याची नोंदणी झाली आहे का, व्हिसा केव्हा संपतो, हे विचारायला कायद्याची गरज लागत नाही. त्याला सणाला घरी बोलवावे, कागदपत्रांसाठी वकील गाठून द्यावा, खासदाराला त्याचे प्रकरण लेखी कळवावे. चांद्याच्या जंगलात साठ वर्षांपूर्वी उतरलेल्या कुटुंबांना निदान कॅम्प तरी मिळाला होता. या मुलाकडे पदवी आहे आणि पुढच्या महिन्यात तो कोठे असेल, हे त्याला सांगता येत नाही.