मावशी, आणखी किमची!

सोलबद्दल मराठीत लिहिलेलं कुठलंही प्रवासवर्णन घ्या, त्यात एक परिच्छेद हमखास सापडतो. गल्लीतलं छोटंसं हॉटेल, आत पाच-सहा टेबलं, साठीकडे झुकलेली, बारीक कुरळ्या केसांची बाई, आणि न मागता समोर आलेल्या सहा वाट्या. मग लेखक विरघळतो. ‘बिलात त्या वाट्यांचे पैसेच नव्हते हो!’ असं लिहून झालं की पुढच्या ओळीत कोरियन माणसाचं अगत्य येतं, माया येते, आणि मालिका पाहून हल्ली सगळ्यांना पाठ झालेला ‘जॉंग’ हा शब्द येतो. जॉंग म्हणजे सहवासातून हळूहळू साठत जाणारा जिव्हाळा. त्या शब्दाचा अर्थ इतका सोपा नाही, पण प्रवासवर्णनाला तेवढा पुरतो.

माझं म्हणणं असं, की त्या सहा वाट्यांत जिव्हाळा शोधणं आता बंद करावं. त्यात सरकारी मापं आहेत, कायद्यातली एक मोठी सूट आहे आणि एका बाईचे सकाळपासूनचे तास आहेत. या सगळ्याला ‘संस्कृती’ म्हटलं की हिशेब विचारायचं कारणच उरत नाही. हिशेब न विचारण्याची ही सवय आपल्याला घरची आहे, म्हणून तर परक्या गावात ती इतक्या चटकन जुळते.

आधी हॉटेल कुठलं ते सांगते. जाळीवर मांस भाजून देणारी झगमगीत दुकानं बाजूला ठेवू. मी बोलते आहे ते ‘शिक्तांग’बद्दल, म्हणजे वस्तीतल्या साध्या जेवणाच्या जागेबद्दल. टेबलाच्या कडेला खण असतो, त्यात स्टीलच्या चपट्या काड्या आणि लांब दांड्याचे चमचे. पाण्याची बाटली फ्रिजमधून आपण काढून घ्यायची. भिंतीवर तशी पाटीच असते. टिप नाही. निघताना गल्ल्यावर पैसे द्यायचे. पदार्थांची नावं भिंतीवर लिहिलेली: किमची-चिगे, त्वेनजांग-चिगे, तिखट डुकराचं मांस. आणि अशा बऱ्याच ठिकाणी ‘पेकबान’. शब्दाचा अर्थ नुसता ‘पांढरा भात’, पण येतो तो भात, सूप आणि त्या दिवशी जे केलं असेल त्या चार-सहा बानचान. मोड आलेल्या सोयाबीनची कोशिंबिरीसारखी भाजी, गुंडाळून कापलेलं ऑम्लेट, परतलेले सुके छोटे मासे, माशाच्या लगद्याच्या पट्ट्या, आणि किमची तर असतेच. आपल्या खानावळीत ‘राइस प्लेट’ म्हटलं की जसं सगळं ताट समजतं, तसंच हे. सोलमध्ये अशा जेवणाला आज साधारण आठ-दहा हजार वॉन पडतात, म्हणजे पाच-सहाशे रुपये. 2025 साली कोरियातलं किमान वेतन तासाला 10,030 वॉन होतं. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पुढे वाचा.

भाताची वाटी स्टीलची, झाकणाची, आणि देशभर जवळजवळ एकाच आकाराची. त्या भाताला ‘कोंगीबाप’ म्हणतात. (बाप म्हणजे भात. हसून घ्या, मग पुढे जाऊ.) ही वाटी पाहून कोरियन परंपरेबद्दल हळवं झालेली माणसं मी पाहिली आहेत. परंपरेचा तिच्याशी फारसा संबंध नाही. पार्क चुंग-ही यांच्या राजवटीत तांदळाची टंचाई होती, आणि हॉटेलांत मोठमोठ्या वाडग्यांतून भात वाया जातो असं सरकारचं मत होतं. 1976 साली सोल महापालिकेनं नियमच काढला: भात स्टीलच्या वाटीतच वाढायचा, वाटीचा आतला व्यास 10.5 सेंटिमीटर, उंची 6 सेंटिमीटर, आणि तीही काठोकाठ न भरता चार-पंचमांश. हेच माप पुढे देशभर गेलं. पीठाच्या पदार्थांचंही तसंच. नूडल्स, तोकबोक्की वगैरे मिळणाऱ्या गल्लीतल्या दुकानाला ‘बुनशिक’ म्हणतात, आणि तो शब्द सरकारच्या ‘भात कमी, गहू जास्त’ या मोहिमेतून घरोघरी पोचला. त्यामागे अमेरिकेचा मदतीचा गहू होता. पी. एल. 480 चा तो गहू आपल्याकडेही आला होता, आणि बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर तांबडी मिलो आली. त्या मिलोच्या भाकरीवर ‘मराठी आतिथ्य’ म्हणून कुणी लेख लिहिल्याचं मला आठवत नाही. टंचाई आपली असली की ती टंचाई असते, दुसऱ्याची असली की खाद्यसंस्कृती होते.

आता त्या फुकट वाट्या. त्या वाट्यांत जे असतं ते निवडण्याचं, भिजवण्याचं, उकळत्या पाण्यातून काढून पिळण्याचं काम आहे. सुक्या माशांची डोकी आणि पोटं एकेक करून काढायची. किमचीसाठी कोबी मिठात तासन्‌तास मुरवायचा, धुवायचा, निथळायचा आणि मग पानापानांत मसाला भरायचा. यंत्राला हे फारसं जमत नाही आणि छोट्या हॉटेलाला यंत्र परवडतही नाही. चार माणसं जेवून उठली की टेबलावर वीस-पंचवीस भांडी उरतात. उष्टं बानचान पुन्हा वाढायला कायद्यानं बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. पण त्यामुळे आपण चवीपुरतं खाऊन सोडलेली वाटी टाकून द्यावी लागते, आणि तिचे पैसे आपण दिलेले नसतात. कुणीतरी दिलेले असतात.

कोण देतं, ते 2010 च्या शरदात उघड दिसलं. पावसानं पीक गेलं आणि कोबीच्या एका गड्ड्याचा भाव दहा हजार वॉनच्या पुढे गेला. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ली म्युंग-बाक यांनी आपल्या जेवणात साध्या गोल कोबीची किमची वाढायला सांगितली. गोल कोबीही तितकाच महाग झाला आहे हे त्यांना माहीत नव्हतं, आणि लोकांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. पण गल्लीतल्या हॉटेलवाल्यांना हसणं परवडणारं नव्हतं. काहींनी दुसऱ्यांदा किमची देणं बंद केलं, काहींनी तिचे पैसे लावले, आणि गिऱ्हाइकं रागावली. फुकट मिळणाऱ्या गोष्टीवरचा हक्क सगळ्यात कडक असतो.

त्यानंतर चिनी किमचीचं प्रमाण वाढतच गेलं. कोरियात आयात होणारी किमची जवळजवळ सगळी चीनची. शिक्तांगच्या भिंतीवर एक तक्ता लावणं सक्तीचं आहे: तांदूळ कुठला, डुकराचं मांस कुठलं, किमचीतला कोबी कुठला, तिखट कुठलं. ग्राहक म्हणून मला तो तक्ता फार आवडतो. फक्त त्यावर एक नोंद नसते. वाढणारी बाई कुठली? पुष्कळदा तीही चीनची असते. ईशान्य चीनमधल्या यानब्यानसारख्या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले कोरियन वंशाचे लोक आहेत, त्यांना कोरियात ‘चोसॉनजोक’ म्हणतात. 2007 साली त्यांच्यासाठी भेट-आणि-रोजगार असा वेगळा व्हिसा निघाला. त्यावर आलेले पुरुष बांधकामांवर गेले, बाया हॉटेलांत आणि आजाऱ्यांच्या उशाशी. बोलण्याच्या हेलावरून त्या लगेच ओळखू येतात. ज्या किमचीतला कोबी चिनी निघाला म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडतं, ती किमची चीनहून आलेल्या बाईकडूनच ‘आणखी’ मागून घेतं.

आणि मागताना हाक मारतं, ‘इमो!’

इमो म्हणजे मावशी. आईची बहीण, दुसरं काही नाही. प्रवासवर्णनवाले इथे पुन्हा एकदा विरघळतात: बघा, अगदी आपल्यासारखंच! अगदी आपल्यासारखंच आहे, तीच तर अडचण आहे. कोरियनमध्ये आत्येला ‘कोमो’ असा वेगळा शब्द आहे. हॉटेलात कुणी ‘कोमो, पाणी!’ म्हणत नाही. मराठीतही शाळेत घंटा देणारी, वॉर्डात बेडपॅन उचलणारी, सोसायटीचे जिने झाडणारी ती मावशी. आत्या कधीच नाही. आत्येला मान द्यावा लागतो, ती बापाच्या घरची. बारशाला नाव ठेवायचा हक्क तिचा. मावशीकडे हट्ट करायचा असतो. ‘माय मरो, मावशी उरो’ असं म्हणणाऱ्या भाषेला पक्कं ठाऊक आहे की मावशीकडून आईचं काम आईच्याच पगारात, म्हणजे बिनपगारी, करून घेता येतं. नातं लावलं की नाव विचारावं लागत नाही, आडनाव तर नाहीच. पन्नाशीचा साहेब तिशीतल्या बाईला मावशी म्हणतो तेव्हा तो वयाचा मान नसतो, ते पद असतं.

कोरियातल्या काही बायांना हे खटकलं. 2011 साली तिथल्या ‘मिनूहे’ या स्त्रियांच्या संघटनेनं हॉटेलात काम करणाऱ्या बायांसाठी नवं संबोधन सुचवलं: ‘छारिमसा’. छारिम म्हणजे जेवण मांडणं, आणि शेवटचा ‘सा’ नर्सच्या, डॉक्टरच्या कोरियन शब्दांना लागतो तो. मांडणीचं काम हा पेशा आहे, एवढंच म्हणणं. लोकांना शब्द गमतीदार वाटला, बातम्या आल्या, आणि हाक ‘इमो’च राहिली. त्याच वर्षी सरकारनंही एक नवं संबोधन काढलं, ते मात्र टिकलं. आजूबाजूपेक्षा कमी दरात जेवण देणाऱ्या दुकानांना ‘छाखान दराचं दुकान’ अशी पाटी द्यायची. छाखान म्हणजे भलं, सालस, गुणी. मुलींना लहानपणापासून ‘छाखान हो’ असं सांगतात तो शब्द. गुणी मुलगी पैसे वाढवून मागत नाही, गुणी दुकानही मागत नाही, आणि त्याबद्दल सरकार दाराशी पाटी लावतं.

कायद्यातली सूटही सांगायला हवी, कारण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. कोरियाच्या कामगार कायद्यातली महत्त्वाची कलमं पाचपेक्षा कमी माणसं कामाला असलेल्या जागांना लागू होत नाहीत. जादा तासांचा जादा दर नाही, भरपगारी वार्षिक रजा नाही, कारण न देता काढून टाकलं तर दाद नाही. किमान वेतन तेवढं लागू. आणि गल्लीतल्या शिक्तांगमध्ये माणसं असतात किती? तीन. फार तर चार. म्हणजे ज्या छोटेपणाला आपण ‘घरगुती’ म्हणून भुलतो, नेमका तोच छोटेपणा बाईला कायद्याबाहेर ठेवतो. महाराष्ट्रानं 2017 साली दुकाने आणि आस्थापनांचा नवा कायदा केला, तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असलेल्या जागांना असंच त्याच्या बहुतेक कलमांबाहेर ठेवलं. ‘घरगुती जेवण मिळेल’ ही पाटी या अर्थानंही वाचावी.

यावर पहिली हरकत येते ती ठाऊक आहे: अहो, ती बाई कामगार कुठली, मालकीणच ती! खरं आहे, पुष्कळ ठिकाणी मालकीणच इमो असते. 1997 च्या आर्थिक संकटात लाखो नोकऱ्या गेल्या, आणि त्यानंतर कोरियात उरलेली पुंजी घालून माणसं तळलेल्या कोंबडीची नाहीतर जेवणाची दुकानं काढत राहिली. विकसित देशांत म्हातारपणीच्या गरिबीत कोरिया सगळ्यात वरच्यांत आहे. सत्तरीची बाई पहाटे बाजारात जाते ती अगत्यापायी नाही. ती स्वतःला किमान वेतनही देत नाही, आणि ते न देण्याला कुठलाच कायदा हरकत घेत नाही. मालकी तिच्या नावावर आहे यानं तिचे तास कमी होत नाहीत.

दुसरी हरकत जास्त खरी आहे. विद्यार्थी, टॅक्सीवाले, एकटे राहणारे म्हातारे याच पेकबानवर जगतात. दर वाढवा म्हणणारी तू कोण? या हरकतीला माझ्याकडे सोपं उत्तर नाही, पण मुंबईचं एक उत्तर आहे. गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायाही अशाच होत्या. गिरणीचा पगार झाला की पैसे मिळणार, तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज बाईच्या डोक्यावर. गिरणी कामगाराचं जेवण स्वस्त राहिलं, ते तिच्या कर्जावर. 1975 साली प्रेमाताई पुरव यांच्या पुढाकारानं या बायांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं, आणि त्यांनी राष्ट्रीयीकृत बँकेकडे कर्ज मागितलं. ‘तुमच्या हाताला काय चव आहे’ हे त्यांनी आधीच पुष्कळ ऐकलं होतं. त्यांना हवा होता तो व्याजाचा दर. गरिबाला स्वस्त जेवण मिळायला हवं असेल तर त्याचा खर्च सरकारनं उचलावा, उधारी बँकेनं द्यावी. स्वयंपाकघरातल्या बाईनं तो कंबरदुखीत भरू नये.

म्हणून मला पहिल्यांदा वाढलेल्या बानचानचे पैसे बिलात वेगळे दिसायला हवेत, आणि दुसऱ्यांदा मागितलं तर त्याचेही. थोडे असोत, पण दिसू देत. पाचाची अट काढून कायदा तीन माणसांच्या हॉटेलालाही लागू व्हावा, अशी मागणी कोरियातल्या कामगार संघटना वर्षानुवर्षं करताहेत. आमच्या प्रवासवर्णनांत तिला एक ओळही मिळत नाही. तिथून परतलेल्यांनी वाट्यांचे फोटो जरूर टाकावेत. फोटोखाली मात्र ‘माया’ लिहू नये.

किमान वेतन वाढत गेलं तशी हल्ली बऱ्याच शिक्तांगांत माणसं कमी झाली आणि टेबलावर पडदा आला. बोट लावून मागवायचं, कार्डही तिथेच सरकवायचं. कुणाला हाक मारावी लागत नाही, त्यामुळे इमो की छारिमसा हा प्रश्नही संपला. बानचान पुन्हा हवं असेल तर पडद्यावर त्याचा वेगळा रकाना असतो. किमची, एक. मुळा, एक. समोर छापलेलं असतं: 0 वॉन.