रूळ टाका, पण आमची वाट बुजवू नका

११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर व अजनी या दोन रेल्वे स्थानकांच्या पुनर्बांधणीचा शिलान्यास पंतप्रधानांच्या हस्ते झाला. एकासाठी सुमारे ५९० कोटी व दुसऱ्यासाठी सुमारे ३६० कोटी रुपये खर्चाचा अंदाज त्या वेळी सांगण्यात आला. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीकडे निघालेला आपला बांधव या स्थानकांवर उतरतो. त्याला सावली, पाणी व सोय मिळावी याला आमचा मुळीच विरोध नाही. परंतु यवतमाळ जिल्ह्यातील नवदीक्षित कुटुंबाने एक प्रश्न विचारावयास हवा: शहरातील स्थानकाच्या शोभेचा विचार करणारे सरकार आमच्या वस्तीच्या वाटेचा विचार करते काय?

या जिल्ह्यात आगगाडी प्रथम आली ती माणसांसाठी आली नाही. १९०३ साली यवतमाळ ते मूर्तिजापूर हा ११३ किलोमीटरचा अरुंद मार्ग विलायती कंपनीने बांधला तो वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी बाहेर काढावा म्हणून. कापूस वेचणाऱ्या बाईच्या पायाखालची वाट कोणाच्या हिशोबात नव्हती. पुढे ती ‘शकुंतला’ गोरगरिबांची गाडी झाली, आणि गोरगरिबांची झाली म्हणूनच की काय, तिच्याकडे कोणी पाहिले नाही. ती बंद पडली. आता वर्धा–यवतमाळ–नांदेड हा २८४ किलोमीटरचा रुंद मार्ग येत आहे. त्यातील वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी खुला झाला. रेल्वे यावी, अवश्य यावी. पण ती कोणाच्या अंगणातून व कशी जाते, हे पाहणे आपले काम आहे.

नव्या मार्गावर फाटके ठेवावयाची नाहीत, वर पूल किंवा खाली भुयारी मार्ग करावयाचा, असे रेल्वेचे धोरण आहे. फाटकावर माणसे मरतात, तेव्हा धोरण योग्यच आहे. देशातील रुंद मार्गांवरील पहारेकरी नसलेली फाटके २०१९ च्या आरंभापर्यंत काढून टाकण्यात आली, ती याच कारणाने. परंतु कागदावरचा भुयारी मार्ग आणि पावसाळ्यातील भुयारी मार्ग यांत फार अंतर असते. उंची कमी ठेवली तर कापसाने भरलेली गाडी त्यातून जात नाही. पाण्याचा निचरा नीट केला नाही तर आषाढात त्याचे तळे होते. मग शाळेला निघालेली मुलगी, दवाखान्यात न्यावयाची बाळंतीण आणि स्मशानाकडे निघालेले प्रेत, सर्वांनाच त्या तळ्याच्या काठी थांबावे लागते.

हे तळे कोणाच्या वाट्याला येते? आमची वस्ती शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवली गेली. शाळा, दवाखाना, बाजार व ग्रामपंचायत गावात, आम्ही बाहेर. त्या दोहोंमधून रूळ गेला तर जुन्या गावकुसाला लोखंडाचे नवे गावकूस मिळते. आखणी करणाऱ्या इंजिनियरच्या मनात जातिद्वेष असेलच असे आम्ही म्हणत नाही. त्याने कोणाला विचारले, एवढेच आम्ही विचारतो. पाटलाच्या ओसरीवर बसून ठरविलेली वाट बौद्धवाड्याच्या सोयीची क्वचितच असते.

रेल्वे आणि जात यांचा संबंध जुना आहे. १९०१ साली बालपणी बाबासाहेब भाऊ व भाच्यांसह मसूर स्थानकावर उतरले. मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरला व गाडीवान गाडी देईनात. अखेर दुप्पट भाडे घेऊनही गाडीवान पायी चालला आणि गाडी मुलांनाच हाकावी लागली. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडच्या अस्पृश्य रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी दाखवून दिले, की आमचा माणूस जन्मभर गँगमन राहतो. त्याला हमालाची जागा मिळत नाही, कारण हमालाकडून स्टेशनमास्तर घरकामही करून घेतो. ज्यांनी रूळ उचलले त्यांना फलाटावर जागा नव्हती. धर्मांतरानंतरही केंद्र सरकारच्या, म्हणजे रेल्वेच्याही, नोकऱ्यांतील राखीव जागा बौद्धांना नाकारल्या गेल्या. त्या मिळण्यास १९९० साल उजाडले. चौतीस वर्षे लढल्यावाचून हे झाले नाही.

काही शहाणे म्हणतील, “हे तज्ज्ञांचे काम, तुम्हाला त्यातले काय कळते?” पुलाखाली कोठे पाणी साचते, हे त्या पाण्यातून रोज चालणाऱ्याइतके कोणाला कळते? दुसरे म्हणतील, “तुम्ही विकासाला आडवे येता.” हाच आरोप दीक्षाभूमीवरही झाला. तेथील भूमिगत वाहनतळाच्या खोदकामाने स्तूपाला धोका पोहोचेल, अशी भीती लोकांनी व्यक्त केली. १ जुलै २०२४ रोजी हजारो लोक तेथे जमले, साहित्याची मोडतोड व जाळपोळ झाली, आणि सरकारने त्याच दिवशी कामास स्थगिती जाहीर केली. जाळपोळ हा आपला मार्ग नव्हे. पण खोदण्यापूर्वी लोकांचे ऐकले असते तर लोक रस्त्यावर आले असते काय? विचारणे हा विकासाला विरोध नसून, न विचारणे हा लोकशाहीला विरोध आहे.

बंधुभगिनींनो, केवळ संतापून भागणार नाही. २०१३ चा भूसंपादन कायदा वाचा, वाचता येणाऱ्याकडून वाचून घ्या. सातबारा नाही म्हणून आपला हक्क नाही, ही समजूत खोटी आहे. जमीन घेण्यापूर्वी तीन वर्षे त्या भागात राहणाऱ्या वा काम करणाऱ्या आणि ज्यांची उपजीविका मुख्यत्वे त्या जमिनीवर होती अशा शेतमजूर, कूळ व बटाईदार कुटुंबांनाही या कायद्याने बाधित कुटुंब मानले आहे. पुनर्वसनाच्या या तरतुदी २०१५ पासून रेल्वेसाठी घेतल्या जाणाऱ्या जमिनीलाही लागू आहेत. परंतु ज्याचे नाव यादीत नाही, त्याला कायदा शोधत येत नाही.

म्हणून मोजणी सुरू होताच वस्तीची सभा विहारात भरवा. स्त्रियांना सभेत पुढे बसवा, कारण पाणी व सरपण त्याच वाहतात. भुयारी मार्ग कोठे हवा, किती उंच हवा, पाणी कोठून निघून जावे, हे ठराव करून लिहा. ग्रामसभेत तो ठराव मांडा, जिल्हाधिकाऱ्याकडे व रेल्वेकडे पाठवा आणि पोच घ्या. बाधितांच्या यादीत आपली नावे आहेत की नाहीत, हे स्वतः पाहा. उद्घाटनाला हार घेऊन धावणाऱ्या आपल्या पुढाऱ्यालाही हाच ठराव हातात द्या.

आपण बौद्ध झालो ते कोणाच्या कृपेची वाट पाहण्यासाठी नव्हे. महाडला पाणी मागितले ते हक्क म्हणून. रुळाखालची वाटही हक्क म्हणूनच मागितली पाहिजे. नागपूरचे स्थानक कितीही भव्य होवो, कळंबच्या पुढे एखाद्या बौद्धवाड्यातील मूल कोरड्या पायांनी शाळेत पोहोचले, तरच ही रेल्वे आपलीही झाली असे आम्ही म्हणू.

जय भीम!