तुटलेल्या भागांची मांडणी

एप्रिल 2025 मध्ये डीआरडीओच्या हैदराबाद येथील प्रयोगशाळेने स्क्रॅमजेट इंजिनाच्या ज्वलनकक्षाची जमिनीवरील चाचणी एक हजार सेकंदांहून अधिक काळ चालवली. त्याच वर्षीच्या जानेवारीतील चाचणी 120 सेकंदांची होती. बातम्यांचा सारा भर ध्वनीच्या पाचपटीहून अधिक वेगावर होता. माझ्या मते त्या दिवशीची खरी बातमी टिकण्याची होती.

हे मला उमगले ते एका निराळ्याच क्षेत्रामुळे. अमेरिकेतील युटा राज्यात बॉनव्हिल येथे मिठाचे विस्तीर्ण सपाट मैदान आहे. जमिनीवरील वेगविक्रमांसाठी मोटारी तेथे धावतात. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. वेग दुप्पट हवा तर शक्ती आठपट हवी. साहजिकच नवख्याचे लक्ष अश्वशक्तीवर खिळते. जाणकार आधी विचारतो, पहिल्यांदा तुटेल तो भाग कोणता?

रस्त्यावरची मोटार पूर्ण शक्तीने क्वचित काही सेकंद धावते, येथे ती काही मैल सलग धावते. पिस्टन रिंगच्या दोन टोकांमधील फट केसभर कमी पडली, तरी तापल्यावर ती टोके एकमेकांना भिडतात आणि रिंगसह पिस्टनही जातो. फोर्ज्ड पिस्टनसाठी कमी सिलिकॉनचा मिश्रधातू निवडला तर चिवटपणा मिळतो, पण तो अधिक प्रसरण पावतो. म्हणून सिलिंडरमध्ये त्याला अधिक मोकळीक द्यावी लागते. मिनिटाला 6000 फेऱ्यांऐवजी 9000 फेरे घेतले, की कनेक्टिंग रॉडवरील जडत्वाचा भार सव्वादोनपट होतो. प्रत्येक निवडीची किंमत दुसऱ्या एखाद्या भागाला मोजावी लागते.

1965 मध्ये समर्स बंधूंच्या ‘गोल्डनरॉड’ने याच मैदानावर ताशी 658 किलोमीटरचा विक्रम केला. चार क्रायस्लर इंजिने एकामागे एक बसवून त्यांनी मोटार सडपातळ ठेवली आणि सुपरचार्जरचा मोह टाळला. न्यूझीलंडचे बर्ट मन्रो तर मोटारसायकलवाले. 1920 सालच्या ‘इंडियन स्काउट’साठी ते पिस्टन स्वतः ओतत, कनेक्टिंग रॉड हाताने घडवत. 1967 मध्ये त्यांनी तिच्यावर ताशी सुमारे 296 किलोमीटरचा विक्रम केला. त्यांच्या कार्यशाळेत तुटलेल्या भागांची एक मांडणी होती आणि हे वेगदेवतेला वाहिलेले अर्घ्य आहे, अशा अर्थाचे शब्द तिच्यावर लिहिलेले होते. त्या मांडणीवाचून तो विक्रम झाला नसता.

आपल्याकडे अशी मांडणी कोठे आहे?

माझ्या पीएच.डी.च्या काळात क्रायोस्टॅटच्या एका सीलने माझे सात महिने खाल्ले. सामान्य तापमानाला ते निर्दोष असे, थंड केले की गळे. माझ्या प्रबंधात त्याविषयी एक वाक्यही नाही, कारण अपयश लिहिण्याची रीतच नव्हती. माझ्यामागून आलेल्या विद्यार्थिनीने तेच सील बसवले. तिचेही महिने गेले. तो दोष माझा आहे, असे मी आज मानतो.

मोठ्या पातळीवर याहून चांगले उदाहरण आपल्याजवळ आहे. 12 ऑगस्ट 2021 रोजी जीएसएलव्ही-एफ10 मोहीम अयशस्वी झाली. द्रव हायड्रोजनच्या टाकीवरील झडपेतून गळती झाली आणि तिचे संभाव्य कारण एका मऊ सीलची हानी हे होते, असा चौकशीचा निष्कर्ष इस्रोने जाहीर केला. 29 मे 2023 रोजी जीएसएलव्ही-एफ12 यशस्वीपणे झेपावले. त्या जाहीर निष्कर्षाने इस्रोची प्रतिष्ठा उणावली नाही, उलट प्रत्येक विद्यार्थ्याला एक धडा मिळाला. 18 मे 2025 रोजी पीएसएलव्ही-सी61 तिसऱ्या टप्प्यात अपयशी ठरले. त्याची चिकित्साही तितक्याच मोकळेपणाने, अधिक तपशिलासह देशापुढे यावी.

संरक्षणविषयक गोपनीयता मला मान्य आहे. तिच्या मर्यादेतही पुष्कळ सांगता येते. सार्वजनिक निधीतून चालणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेने वर्षाकाठी आपल्या फसलेल्या भागांची नोंद प्रसिद्ध करावी आणि संशोधकाच्या मूल्यमापनात तिला शोधनिबंधाइतकेच वजन असावे.

आपल्या प्रयोगशाळेत काय तुटले आणि का तुटले, हे येथे लिहा. सुरुवात मी माझ्या सीलपासून केली आहे.