वेगाचें वेड आणि यंत्राची निगा

मोटारसायकल हा शब्द घरांत निघाला कीं मुलाचे डोळे चमकतात, आईचा चेहरा उतरतो आणि वडील वर्तमानपत्र डोळ्यांपुढें धरितात. बहुतेक घरांत हा प्रश्न येथेंच मिटतो. आणि मग एके दिवशीं मुलगा मित्राची गाडी मागून घेऊन, कोणासही न सांगतां, उघड्या डोक्यानें रस्त्यावर निघतो. आमच्या मतें ही गप्प बसण्याची रीत सर्वांत वाईट. वेगाची आवड हा कांहीं दुर्गुण नव्हे. पण त्या आवडीस शिस्त लावितां येते, व ती लावण्याचें काम आपण पालक व शिक्षक टाळीत आलों आहों.

वाचकांस आश्चर्य वाटेल, परंतु ह्या शिस्तीचा दाखला आम्ही शर्यतीच्या ट्रॅकवरून घेणार आहों. शर्यतींतला स्वार म्हणजे जिवावर उदार झालेला बेफाम मनुष्य, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिति निराळी आहे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथें सुमारें ३.७ किलोमीटर लांबीचा ट्रॅक आहे. कोइमतूरजवळ करी नांवाचा, सुमारें २.१ किलोमीटरचा, दुसरा आहे. अशा ठिकाणीं शर्यतीपूर्वीं प्रत्येक गाडीची तपासणी होते. ब्रेक, टायर, साखळी हीं तर पाहतातच. शिवाय वेगाची मूठ सोडतांच ती आपोआप मागें फिरते कीं नाहीं, हेंही पाहतात. इंजिनाच्या तेलाचें बूच तारेनें बांधावें लागतें, कारण तें निसटून तेल सांडलें तर मागून येणारा घसरून पडेल. दुसऱ्याच्या जिवाची ही केवढी काळजी! स्वाराच्या अंगावर जाड चामड्याचा पोशाख, पाठीच्या कण्यास कवच, हातांत मोजे, घोटे झांकणारे बूट आणि हनुवटीपर्यंत येणारें हेल्मेट असतें. सर्व गाड्या एकाच दिशेनें धांवतात. म्हैस आडवी येत नाहीं, बैलगाडी समोरून येत नाहीं. पिवळें निशाण दिसलें कीं कोणीं कोणाच्या पुढें जावयाचें नाहीं, तांबडें दिसलें कीं सर्वांनीं थांबावयाचें. डॉक्टर व रुग्णवाहिका तयार असतात. इतकें करूनही तेथें माणसें पडतातच.

आणि आपला सोळा वर्षांचा मुलगा पायांत चपला घालून, पाठीमागें दोन मित्र बसवून, बाजारपेठेंतून तोच वेग गाठूं पाहतो! ह्या दोघांपैकीं बेफाम कोण, हें पालकांनींच ठरवावें.

हेल्मेटची सक्ती ही पोलिसांनीं दंड गोळा करण्यासाठीं काढलेली युक्ति आहे, असें बोलणारे सुशिक्षित लोकही आम्हांस भेटतात. त्यांस थोडा इतिहास सांगणें अवश्य आहे. आयल ऑफ मॅन बेटावरील प्रसिद्ध टी. टी. शर्यतींत हेल्मेट १९१४ सालीं सक्तीचें झालें, तें ब्रुकलंड्स ट्रॅकवरील डॉक्टर एरिक गार्डनर ह्यांच्या खटपटीमुळें. सामान्य रस्त्यावर मात्र पुढें कित्येक वर्षें कोणी तिकडे लक्ष दिलें नाहीं. १९३५ च्या मे महिन्यांत, अरबस्तानांतील कामगिरीमुळें जगप्रसिद्ध झालेले टी. ई. लॉरेन्स हे इंग्लंडांत दोन सायकलस्वार मुलांस चुकवितांना मोटारसायकलीवरून पडले. डोक्यावर हेल्मेट नव्हतें. सहा दिवसांनीं त्यांचा अंत झाला. त्यांस पाहावयास आलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. पुढें त्यांनीं लष्करी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास करून १९४१ सालीं निबंध प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षीं ब्रिटिश लष्करानें निरोप्या स्वारांस हेल्मेट बंधनकारक केलें. म्हणजे ही युक्ति पोलिसांची नव्हे, डॉक्टरांची आहे. हेल्मेटच्या आंतील थर्मोकोलसारखा थर आघातासरशीं स्वतः चेपतो व डोक्यास बसणारा हिसका सौम्य करितो. म्हणून एकदां जोरानें आपटलेलें हेल्मेट वरून धडधाकट दिसलें तरी टाकून द्यावें. पट्टा न बांधलेलें हेल्मेट आयत्या वेळीं डोक्यावर राहत नाहीं. आरशास टांगलेल्या हेल्मेटविषयीं काय बोलावें?

आतां विद्यार्थ्यांकडे वळूं. ज्यास मोटारसायकल हवी असेल त्यानें प्रथम आपले हात काळे करून घ्यावे. साखळी घाण झाली असतां ब्रशानें साफ करून तिला तेल द्यावें. ती फार ढिली असल्यास दांत्यांवरून उतरते. फार ताणलेली असल्यास लवकर झिजते व पुढील बेअरिंगवर भार टाकिते. किती ढिली ठेवावी हें गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. तें पुस्तक आमच्या माहितीप्रमाणें सहसा कोणी उघडीत नाहीं. टायरमधील हवा गाडी थंड असतांना मोजावी. ब्रेकच्या चकतीस तेलाचा थेंबही लागूं देऊं नये. ब्रेकच्या नळींतील द्रव हवेंतील ओलावा शोषून घेतो, त्यामुळें तो कमी उष्णतेवर उकळूं लागतो व ऐन उतारावर ब्रेक मऊ पडतो. म्हणून साधारणतः दोन वर्षांनीं तो बदलावा लागतो.

पदार्थविज्ञानाच्या तासास झोपणाऱ्यांनीं एवढें तरी ध्यानांत ठेवावें: वेग दुप्पट झाला तर थांबण्यास लागणारें अंतर दुप्पट नव्हे, चौपट होतें. कोरड्या रस्त्यावर, उत्तम ब्रेकनें, ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी सुमारें ९ मीटरांत थांबली, तर ८० च्या वेगाची सुमारें ३५ मीटर घेईल; आणि ब्रेक दाबण्याचें मनांत येईपर्यंत एक सेकंद गेला तर त्यांत आणखी २२ मीटर जातील.

पालकांस कायद्याची आठवण देणें भाग आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें अठरा वर्षांखालील मुलास गिअरची मोटारसायकल रस्त्यावर चालवितां येत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून गाडीनें गुन्हा घडल्यास पालकास किंवा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊं शकतो. मुलास तर पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाहीं. "आमचा बाळू आतांच गाडी चालवितो" असें पाहुण्यांपुढें कौतुकानें सांगणाऱ्यांनीं हें वाचावें.

नुसती बंदी मात्र आम्हांस मान्य नाहीं. आमची सूचना अशी कीं, वडिलांच्या गाडीची निगा वर्षभर मुलाकडे, किंवा मुलीकडे, सोंपवावी. तारखांसह वही ठेवावी: हवा केव्हां तपासली, साखळीस तेल केव्हां दिलें, तेल केव्हां बदललें. अठरा वर्षें पूर्ण झाल्यावर परवान्याच्या गोष्टी काढतांना ती वही पुढें ठेवावी. आणि ज्यास खरोखर वेगच हवा असेल त्यास, ऐपत असल्यास, ट्रॅकवरील शिक्षणवर्गास पाठवावें.

तोंपर्यंत शाळेच्या सायकलतळावर गंजलेल्या साखळ्या पुष्कळ आहेत. चिंध्या व तेल प्रयोगशाळेमागील खोलींत ठेविलें आहे. शनिवारीं शाळा सुटल्यावर मागून न्यावें.